नेट सुस्त आहे? आधी हाका कोण मारतंय ते बघा

जून लागला की उत्रोलीतल्या सेवा केंद्राच्या पायरीवर चपलांची गर्दी वाढते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असतात आणि उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर यांतलं काहीतरी प्रत्येकाला कालच हवं असतं. अशाच एका सकाळी केंद्र चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, नेटच चालंना. फॉर्म भरला की नुसतं गोल फिरत राहतंय. लाइनवाल्याला दोनदा बोलावलं, तो म्हणतो लाइन ओके."

'लाइन ओके' म्हणणारा माणूस अंग काढून घेतोय, असा आपला ठाम समज असतो. त्या दिवशी मात्र तो खरं बोलत होता. भोरहून उत्रोलीला पोचायला वेळ लागत नाही. गेलो तर पायरीवर बसलेला एक पोरगा त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइलमध्ये व्हिडिओ बघत होता आणि त्याचा व्हिडिओ एकदाही अडकत नव्हता. आत टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र सरकारी पोर्टलचं पहिलं पान उघडायला दीड मिनिट लागत होतं. मी माउस हलवला. बाण सरळ सरकला नाही, बेडकासारखा उड्या मारत गेला. तिथेच निम्मं निदान झालं.

माउसचा आणि इंटरनेटचा काडीचा संबंध नसतो. नेटची केबल काढून टाकली तरी बाण लोण्यासारखा फिरला पाहिजे. तो अडखळतोय, गाणं लावलं तर खरखरतंय, टाइप केलेली अक्षरं थांबून एकदम चार-चार उमटतायत, आणि त्याच वेळी नेटही सुस्त आहे, तर रोग तारेत नसून डब्यात आहे असं धरा. या दुखण्याचं नाव हार्डवेअर इंटरप्ट. ते ओळखायचं कसं आणि घरच्या घरी कुठवर दुरुस्त करायचं, एवढाच या लेखाचा विषय.

शिट्टी आणि उतू जाणारं दूध

स्वयंपाकघरात लक्ष ठेवायच्या दोन पद्धती असतात. दूध तापत ठेवलं की आई त्याच्यावर नजर ठेवून उभी राहते. कुकर लावला की खुशाल दुसऱ्या कामाला लागते, कारण शिट्टी होणार हे तिला माहीत असतं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कुकरच्या पद्धतीने चालतो. नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, हार्ड डिस्क, यूएसबीला लावलेलं थंब मशीन, यांतल्या कुणाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हाक मारतं. प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे ठेवतो, हाकेला जाऊन येतो आणि परत पहिल्या कामाला लागतो. ही हाक म्हणजे इंटरप्ट.

आता घरात एकाच वेळी दहा कुकर लावले आणि त्यातला एक बिघडून सेकंदाला हजार शिट्ट्या द्यायला लागला, तर पोळी लाटणाऱ्या बाईचं काय होईल ते सांगायला नको. तिचे हात धडधाकट आहेत, पीठ मळलेलं आहे, तवा तापलेला आहे; पण पोळी काही होत नाही.

नेटवर्क कार्ड मुळातच बोलकं असतं, कारण नेटवरची माहिती लहान-लहान पाकिटांत येते. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल आणि पाकिटं मोठ्यात मोठ्या नेहमीच्या आकाराची असतील, तरी सेकंदाला आठ हजारांवर पाकिटं येतात. गिगाबिटला हाच आकडा ८१ हजारांच्या घरात जातो. पाकिटं अगदी लहान असतील तर गिगाबिटवर १४ लाख ८८ हजारांपर्यंत. प्रत्येक पाकिटाला एक हाक मारायची म्हटली तर प्रोसेसरला दुसरं काही सुचायचं नाही. म्हणून चांगलं कार्ड गवळ्यासारखं वागतं. गवळी लिटरभर दूध निघालं की डेअरीकडे पळत नाही, कॅन भरला की एकदम घालतो. कार्डही थोडी पाकिटं साठवून एकच हाक मारतं. सेटिंगमध्ये याला 'इंटरप्ट मॉडरेशन' म्हणतात. पुढे त्याच्याकडे यायचंच आहे.

हाकेला वेळेवर उत्तर मिळालं नाही तर काय होतं? कार्डाजवळ येणारी पाकिटं ठेवायला मोजकी घरं असतात. समजा २५६ आहेत. १०० एमबीपीएसला ती साधारण ३० मिलिसेकंदांत भरतात, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यात. तेवढा वेळ दुसऱ्या कुणी प्रोसेसरला अडकवून ठेवलं, की पुढची पाकिटं जमिनीवर सांडली. आणि खरा घोळ यापुढचा आहे. पाकीट हरवलं की पलीकडच्या सर्व्हरला वाटतं, रस्त्यात गर्दी झाली. तो शहाण्यासारखा आपला वेग कमी करतो. तुमच्या टेबलाखाली झालेल्या ३० मिलिसेकंदांच्या घोटाळ्याची शिक्षा अशी पुढचे कित्येक सेकंद भोगावी लागते. त्यामुळेच लाइन ओके असते, बिल वेळेवर भरलेलं असतं आणि फॉर्म मात्र पुढे सरकत नाही.

आधी घर, मग गाव

नेट सुस्त झालं की आपण सर्वांत आधी स्पीड टेस्ट लावतो. ती चूक नाही, पण तिच्यावरून दोष कुणाचा ते कळत नाही. तुमच्या टेबलापासून दूरच्या शहरातल्या सर्व्हरपर्यंतचा सगळा रस्ता ती एका आकड्यात कोंबते. आधी घरातला रस्ता तपासा. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून राउटरला पिंग करा, म्हणजे त्याला छोटं पाकीट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नसला तर राउटरच्या खालच्या स्टिकरवर सापडतो. पत्त्यापुढे जागा सोडून वजा चिन्ह आणि टी लिहिलं की पिंग तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतो. पाचेक मिनिटं चालू द्या आणि त्यावेळी नेहमीची कामंही करा.

राउटर त्याच खोलीत आणि केबलने जोडलेला असेल, तर उत्तर एका मिलिसेकंदात किंवा त्याहून कमी वेळात आलं पाहिजे. मध्येच एखादं तीन-चार आलं तर हरकत नाही. पण १, १, १८०, २, ३४०, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', असा खेळ चालला असेल तर कंपनीला फोन करायची घाई करू नका. पाच फुटांवरच्या डब्याचं उत्तर यायला इतका वेळ लागतोय, त्यात कंपनीचा काय दोष? तीच केबल काढून एखाद्या लॅपटॉपला लावा. तिथे पिंग सरळ आला तर राउटर आणि केबल दोन्ही सुटले. लॅपटॉपवरही तसाच आला तर राउटर, केबल किंवा पोर्ट, यांतलं एक कुणीतरी. वायफायवर ही तपासणी करू नका. तिथे भिंती, शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्हसुद्धा आकडे बिघडवतात.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'प्रोसेसेस'च्या यादीत 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ शोधा. हा कुठला प्रोग्राम नाही, त्यामुळे तो 'एंड टास्क' करून बंद होत नाही. हाकांना उत्तरं देण्यात प्रोसेसरचा किती वेळ गेला, याचा तो नुसता हिशेब आहे. मशीन रिकामं असताना हा आकडा शून्याच्या आसपास, फार तर एक टक्का असतो. मोठी फाइल उतरत असताना तो थोडा चढतो, तेही ठीक. काहीच काम चालू नसताना तो पाच-दहा टक्क्यांवर ठाण मांडून बसला असेल तर चोर सापडल्यात जमा आहे.

इथे फसगत होते ती टक्क्यांच्या हिशेबाची. टास्क मॅनेजर सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले वेगवेगळे कामकरी, मिळून १०० धरतो. चार कोअरच्या मशीनवर इंटरप्ट्स २५ टक्के दिसले तर लोक म्हणतात, 'अजून ७५ टक्के रिकामंच आहे की.' तसं नसतं. त्याचा अर्थ असा असू शकतो की एक कोअर पूर्णच्या पूर्ण हाकांमध्ये बुडालाय, आणि नेटवर्क कार्डाची हाकही त्याच कोअरकडे जात असेल तर उरलेले तिघे मोकळे असून उपयोग नाही. ताईंच्या मशीनवर आकडा २३ आणि २५ यांच्यामध्ये खालीवर होत होता. मशीन चार कोअरचं होतं.

एकेक तार काढा

यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे टास्क मॅनेजर उघडा ठेवून एकेक यूएसबी उपकरण काढत जाणं. एकेक. सगळी एकदम काढली तर बरं वाटेल, पण कुणामुळे वाटलं ते कळणार नाही. प्रत्येक तार काढल्यावर दहा सेकंद थांबा, आकडा बघा, मग पुढची काढा.

सेवा केंद्रातल्या मशीनला काय काय लावलेलं असतं ते एकदा मोजून बघा. थंब मशीन, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर, सहीचं डोंगल, पेन ड्राइव्ह आणि शिवाय कुणाचा तरी चार्जिंगला लावलेला मोबाइल. हे सगळं एका स्वस्तातल्या हबवर. ताईंच्या मशीनचा वेबकॅम काढला, आकडा तोच. प्रिंटर काढला, तोच. मोबाइल काढला, त्याचा मालक बाहेरून ओरडला, आकडा तोच. थंब मशीन काढलं आणि आकडा धाडकन एक टक्क्याखाली आला.

ताई म्हणाल्या, "म्हणजे थंब मशीन गेलं?" मलाही आधी तसंच वाटलं. पण मशीन सरळ कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावलं तर आकडा वर गेला नाही. बिघाड मशीनमध्ये नव्हता. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला अंगठा टेकवता यावा म्हणून तिथे यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावली होती आणि ती सतरंजीखालून गेली होती. तिची पिन काढून बघितली तर पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर चढलेला. दरवाजातून आत येणारा प्रत्येकजण त्या वायरवर पाय देऊन येत होता. उपकरण जोडलं जात होतं, तुटत होतं, परत जोडलं जात होतं, आणि दर वेळी प्रोसेसरला हाक. विंडोजचा तो 'टुडुंग' आवाज ताईंनी कटकट नको म्हणून स्पीकर बंद करून थांबवला होता. निदानाचा सर्वांत सोपा पुरावा असा गप्प केला गेला होता.

यूएसबी २.०ची तार उपकरणापर्यंत एकूण ५ मीटरच्या आत असावी असा नियमच आहे. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून तो मोडू नका. आणि बोटाचा ठसा घेणारी मशीनं हबऐवजी थेट मागच्या पोर्टला लावा.

तारेने सुटलं नाही तर

सगळी यूएसबी काढूनही आकडा चढलेलाच असेल तर डबा आतून तपासायचा. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि एकेक उपकरण 'डिसेबल' करून बघा: वायफाय, ब्लूटूथ, साउंड, कार्ड रीडर, मॉडेम असेल तर मॉडेम. 'सिस्टिम डिव्हायसेस', 'प्रोसेसर्स', डिस्क आणि डिस्प्ले यांना हात लावू नका. उत्साहाच्या भरात स्क्रीन काळा करून बसलेले लोक मी पाहिले आहेत. एक बंद करा, आकडा बघा, फरक नसेल तर परत चालू करा, मग पुढचं.

कुठला ड्रायव्हर वेळ खातोय हे नेमकं बघायचं असेल तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट मिळणारं साधन आहे. दहा मिनिटं चालवलं की कुणी प्रोसेसर किती मायक्रोसेकंद अडवला त्याची यादी ते देतं. विंडोजमध्ये हाकेचं काम दोन तुकड्यांत होतं: 'आलो, ऐकलं' एवढं लगेच, आणि उरलेलं काम थोड्या वेळाने. हा दुसरा तुकडा म्हणजे डीपीसी, आणि बहुतेक वेळा लांबतो तो हाच. हजार मायक्रोसेकंद म्हणजे एक मिलिसेकंद. एखादं नाव वारंवार कित्येक हजारांवर जात असेल तर त्याला पकडा. यादीत 'एनडीआयएस' हे नाव वर दिसलं तर समजा नेटवर्कच्या बाजूचं काहीतरी आहे. पण एनडीआयएस हा विंडोजचा स्वतःचा भाग असून त्याच्या आडून बहुधा कार्डाचा ड्रायव्हर गोंधळ घालत असतो. 'एसीपीआय' दिसलं तर वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे किंवा बायोसकडे बोट जातं. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव दिसलं तर गुन्हेगार नेटवर्कच्या गल्लीतला नाहीच.

ड्रायव्हर बदलताना तो कॉम्प्युटरच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' असं सांगणारे प्रोग्राम घेऊ नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांपैकी कितीतरी त्यांनीच पाठवलेली असतात. आधीच्या ड्रायव्हरचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. नवा घातल्यावर बिघडलं तर 'रोल बॅक' करता येतं. नवं म्हणजे चांगलंच, असं ड्रायव्हरच्या बाबतीत नसतं.

त्यानंतर कार्डाच्या 'अॅडव्हान्स्ड' पानावर जा. 'इंटरप्ट मॉडरेशन' चालू आहे का बघा. गेम खेळणारी मुलं ते बंद करतात, कारण त्याने उत्तर किंचित लवकर येतं. पण जुन्या प्रोसेसरवर तेच सेटिंग नेट गुदमरवतं. घरातल्या मुलाने एखादा व्हिडिओ बघून 'नेट फास्ट' केलं असेल तर आधी इथेच शंका घ्या. 'रिसीव्ह साइड स्केलिंग' चालू असेल तर पाकिटांचं काम अनेक कोअरवर वाटलं जातं, ते चालू ठेवा. 'ग्रीन इथरनेट' किंवा 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' ही वीज वाचवणारी सेटिंग काही कार्ड आणि राउटरच्या जोडीत लाइन सारखी तोडतात-जोडतात. बंद करून बघायला हरकत नाही. 'स्पीड अँड डुप्लेक्स' मात्र 'ऑटो'वरच राहू द्या. एका टोकाला हट्टाने १०० फुल आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असलं की ऑटोवाला हाफ समजून बसतो. मग दोघंही एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, नेट रांगतं, आणि लक्षणं थेट इंटरप्टच्या रोगासारखी दिसतात.

जुनी मशीनं, जुनी भांडणं

१९८१च्या आयबीएम पीसीमध्ये हाका मारायला आठच वाटा होत्या. १९८४च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप जोडून वापरता येण्याजोग्या १५ झाल्या. त्यात कीबोर्ड, घड्याळ, फ्लॉपी, दोन सिरियल पोर्ट, प्रिंटर यांनी आपापल्या वाटा आधीच अडवलेल्या. त्या काळात नेटवर्क कार्ड बसवणारा माणूस बारीक चिमट्याने जंपर हलवत बसायचा: तीन नंबर दिला तर दुसऱ्या सिरियल पोर्टशी भांडण, पाच दिला तर साउंड कार्डशी. पुढे पीसीआय आलं आणि अनेक कार्डांनी एकच वाट वाटून घ्यायची सोय झाली. सोय झाली, पण भाऊबंदकीही आली. हाक ऐकू आली की प्रोसेसरने प्रत्येकाला विचारायचं, 'तू मारलीस का?' एखाद्याचा ड्रायव्हर आळशी असला की सगळ्यांचाच खोळंबा. पीसीआय एक्सप्रेसच्या मशीनांत हाक तारेने न मारता मेमरीत संदेश लिहून मारली जाते, त्यामुळे वाटणीचा तंटा जवळपास मिटला.

म्हणून गेल्या दहा वर्षांतलं मशीन असेल तर 'आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट'च्या मागे लागू नका. दोष बहुधा ड्रायव्हर, वीजबचत किंवा बिघडलेलं उपकरण यांत असतो. पण शाळांच्या कॉम्प्युटर रूममध्ये, दूध संस्थेच्या कार्यालयात, पतसंस्थेच्या कोपऱ्यात अजून पीसीआय कार्डांची मशीनं चालू आहेत. तिथे एक साधा उपाय लागू पडतो: नेटवर्क कार्ड एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसवा. खाच बदलली की त्याची हाकेची वाटही बहुधा बदलते. बायोसमध्ये जाऊन न वापरले जाणारे सिरियल आणि पॅरलल पोर्ट बंद केले तरी वाटा मोकळ्या होतात.

विंडोज एक्सपीच्या काळातलं मशीन असेल तर हार्ड डिस्कवरही संशय घ्या. डिस्कच्या वाचनात सहा वेळा चुका झाल्या की ती जुनी विंडोज गुपचूप वेगवान डीएमए सोडून पीआयओ पद्धतीवर येत असे. मग डिस्कचा प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतः भरवावा लागतो. लोकांना वाटतं नेट हळू आहे. खरं तर उतरलेलं पान डिस्कवर लिहितानाच मशीनला धाप लागलेली असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'प्रायमरी आयडीई चॅनल' अनइन्स्टॉल करून मशीन परत चालू केलं की डीएमए परत येतो. आला नाही तर केबल बदला, आणि त्या आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. सहा चुका काही उगीच होत नाहीत.

शाळेच्या मशीनवर लिनक्स असेल तर तपास उलट सोपा होतो. 'प्रॉक' फोल्डरात 'इंटरप्ट्स' नावाची फाइल असते, तिच्यात प्रत्येक वाटेने आतापर्यंत किती हाका आल्या हे कोअरवार लिहिलेलं असतं. दोन सेकंदांच्या अंतराने दोनदा उघडा आणि कुठला आकडा धावतोय ते बघा. सगळ्या हाका पहिल्याच रकान्यात जमत असतील आणि बाकीचे रकाने कोरडे असतील तर 'आयआरक्यूबॅलन्स' नावाची सेवा चालू आहे का पाहा. 'टॉप'मध्ये 'केसॉफ्टआयआरक्यूडी' वर तरंगत असेल तर पाकिटांचा ढीग साचलाय असं समजा. आणि कर्नलच्या नोंदीत 'नोबडी केअर्ड' असं वाक्य दिसलं तर हसू येईल, पण ते शब्दशः खरं असतं: एका वाटेवरून आलेल्या एक लाख हाकांपैकी ९९ हजार ९०० हून अधिक हाका कुणीच आपल्या म्हणून उचलल्या नाहीत, म्हणून कर्नलने ती वाटच बंद करून टाकली. त्या वाटेवर नेटवर्क कार्डही असेल तर ते त्या क्षणापासून रडत-खडत चालतं. मशीन बंद-चालू केलं की बरं वाटतं आणि तासाभराने परत तेच. इथे खाच बदलणं, बायोस अपडेट करणं किंवा खोटी हाक मारणारं उपकरण शोधून काढणं, एवढेच उपाय आहेत.

हाकांच्या गर्दीने मशीन पूर्ण ठप्प होतं हे काही आपल्याच टेबलावरचं दुखणं नव्हे. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये त्यावर एक शोधनिबंध लिहिला. पाकिटांचा लोंढा वाढला की प्रोसेसर फक्त हाका ऐकत राहतो आणि पूर्ण झालेलं काम शून्यावर येतं, हे त्यांनी दाखवलं. उपाय सुचवला तो असा की पहिली हाक ऐका, मग हाका बंद करा आणि लोंढा ओसरेपर्यंत स्वतःच जाऊन पाकिटं उचला. गर्दीच्या वेळी कुकर सोडून दुधाची पद्धत. आजच्या लिनक्सचं नेटवर्क याच धर्तीवर चालतं. तुमच्या राउटरमध्येही बहुधा लिनक्सच असतं, आणि त्याचा प्रोसेसर इतका लहान असतो की 'कोणाला किती स्पीड' वाटून देणारं क्यूओएस चालू केलं की तोच हाकांखाली दबतो. सगळ्याच घराचं नेट सुस्त असेल तर ते सेटिंग बंद करून एकदा बघा.

पाऊस, वीज आणि मुंग्या

भोर-वेल्ह्याकडचा पावसाळा कॉम्प्युटरला मानवत नाही. भिंती घामेजतात, कागद मऊ पडतो, आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर न दिसणारा थर बसतो. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, लोखंडी कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि मग कार्ड काढून त्या पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. रबराची भुकटी ब्रशने झटका, खाचेत फुंकर मारू नका. फुंकरीत थुंकी असते. लॅनच्या पोर्टात टॉर्च मारून बघा. लाल मुंग्यांना ती जागा का आवडते कोण जाणे, पण मला त्या तिथे तीनदा सापडल्या आहेत.

वळवाच्या विजांनी होणारं नुकसान जास्त फसवं असतं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण ती राउटरच्या अडॅप्टरातून येते आणि तांब्याच्या लॅन केबलवरून कॉम्प्युटरात शिरते. पोर्ट पूर्ण मेला तर लगेच कळतं. अर्धा मेला तर तो सारखा जुळतो-तुटतो आणि जुळताना दरवेळी हाका मारतो. नेटवर्कच्या 'स्टेटस'मध्ये स्पीड १ जीबीपीएसऐवजी १०० किंवा १० दिसायला लागला की आधी केबल बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात, एखादी तुटली की वेग १००वर येऊ शकतो. केबल बदलूनही तेच असेल तर पोर्टाचा नाद सोडा, बायोसमधून तो बंद करा आणि पीसीआय एक्सप्रेसचं नवं कार्ड बसवा. नुसतं नवं कार्ड बसवून जुना पोर्ट चालू ठेवला तर तो बडबडत राहतो.

भाटघर धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, पण लाइट जाण्याचं आपल्याला अप्रूप उरलेलं नाही. म्हणून बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएसशिवाय, आणि आभाळ भरून आलेलं असताना, मुळीच करू नका. अर्धवट राहिलेल्या अपडेटने मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि त्याच्यापुढे सुस्त नेट परवडलं.

ताईंच्या केंद्रात थंब मशीन आता थेट मागच्या पोर्टवर आहे, आणि अंगठ्यासाठी काउंटरला एक खिडकीसारखी फट पाडून घेतली आहे. स्पीकरही परत चालू केलाय.

तुमचं मशीन आज नीट चालत असेल तर याच आठवड्यात दोन मिनिटं काढा. टास्क मॅनेजर उघडून 'सिस्टिम इंटरप्ट्स'चा आकडा बघा, राउटरचा पिंग बघा, आणि दोन्ही आकडे तारखेसकट चिकटपट्टीवर लिहून कॅबिनेटच्या बाजूला लावून ठेवा. पुढच्या जूनमध्ये नेट अडलं आणि माझ्यासारख्या कुणाला फोन करायची वेळ आली, तर 'नेट चालंना' म्हणण्याआधी ते दोन आकडे आणि आज दिसणारे दोन आकडे वाचून दाखवा.